पार्किंगचा कॅमेरा कोणीतरी छताकडे फिरवतंय, लगेच कळायला काय करावं?

हडपसरकर_सचिव: नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत १६ कॅमेरे आणि जुना अ‍ॅनालॉग डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आहे. बेसमेंटमधला कॅमेरा कोणीतरी काठीने वर ढकलला. रात्रभर नुसत्या स्लॅबचं रेकॉर्डिंग झालं आणि त्याच रात्री दोन गाड्यांमधलं पेट्रोल गेलं. वॉचमनच्या स्क्रीनवर १६ चौकोन, त्यातला एक बदलला तर त्या बिचाऱ्याला कळणार कसं? कॅमेरेवाला म्हणतो, सगळी सिस्टीमच बदला. खरंच गरज आहे का?

वायरमन७: आधी काहीही विकत घेऊ नका. डीव्हीआरच्या मेनूत 'व्हिडिओ टॅम्परिंग' शोधा. हिकव्हिजन, दाहुआ या दोन्ही कंपन्यांच्या डीव्हीआरमध्ये ही सोय असते, पण कोणी चालूच करत नाही. बझर आणि मोबाइल नोटिफिकेशन, दोन्हींना टिक करा. 'व्हिडिओ लॉस'सुद्धा चालू ठेवा, वायर कापली तर तो वाजतो. मग भिंगावर फडकं टाकून बघा.

हडपसरकर_सचिव: फडकं टाकलं की वाजतो. पण कॅमेरा छताकडे फिरवला तर काहीच नाही!

निरीक्षक: नाहीच वाजणार. डीव्हीआर चित्र झाकलं गेलंय का एवढंच बघतो. फडक्यामुळे चित्रातल्या कडा आणि तपशील नाहीसे होतात. स्लॅबवर पाइप, ट्यूबलाइट, वायरी सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून त्याच्या लेखी सगळं ठीक. फिरवलेला कॅमेरा पकडायचा तर नेहमीच्या दृश्याशी तुलना व्हायला हवी. त्याला 'सीन चेंज डिटेक्शन' म्हणतात, काही आयपी (नेटवर्कवर चालणाऱ्या) कॅमेऱ्यांत मिळतं. पार्किंग आणि गेट, दोनच बदला. तुमचा डीव्हीआर आयपी कॅमेरा घेतो का, ते आधी विचारा. आणि घ्याल तो आयके१० डोम घ्या, म्हणजे ठोसे सहन करणारा घुमटाकार कॅमेरा. आतलं भिंग कवचाखाली असतं, काठीने फिरवता येत नाही. माझ्या मते अलार्मपेक्षा हेच जास्त महत्त्वाचं.

वायरमन७: सहमत. शिवाय अलार्म कॅमेरा हलला एवढंच सांगतो, कोणी हलवला ते नाही. समोरच्या खांबावरचा कॅमेरा असा वळवा की पार्किंगचा कॅमेरा त्यात दिसेल.

रातपाळी: खोट्या अलार्मचं बघा हो. रात्री कॅमेऱ्याच्या आयआर (इन्फ्रारेड) लाइटपुढे कोळी जाळं विणतो, गाडीचा हेडलाइट थेट भिंगावर येतो, आणि बझर सारखा वाजला की वॉचमन तो बंदच करून टाकतो. भिंगं नियमित पुसा, सेन्सिटिव्हिटी मध्यम ठेवा. डीव्हीआरबरोबर कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लायही यूपीएसवर घ्या, नाहीतर लाइट गेली की सोळाच्या सोळा 'व्हिडिओ लॉस'.

हडपसरकर_सचिव: दोन डोमचं कोटेशन मागवतो. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग पोलिसांना चालेल ना? कॅमेरा फिरण्याआधीचा भाग आहे त्यात.

निरीक्षक: आजच पेनड्राइव्हवर काढून घ्या. हार्डडिस्क भरली की डीव्हीआर जुनं पुसून त्यावरच लिहितो.