रोझी मेपल मॉथ कुठल्या कुळातला?
प्रश्न पडतो की गुलाबी-पिवळा रोझी मेपल मॉथ हा पतंग एवढासाच असूनही भल्यामोठ्या ॲटलास मॉथच्या कुळात कसा, तर साइजवर जाऊ नका. पंख पसरून जेमतेम ३ ते ५ सेंमी भरतो हे खरंय, पण कुळ सॅटर्निडीच, म्हणजे आपल्या सह्याद्रीत दिसणाऱ्या ॲटलास आणि मून मॉथचा नातेवाईकच. शास्त्रीय नाव ड्रायोकॅम्पा रुबिकुंडा, फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १७९३ मध्ये वर्णन केलं तेव्हा बॉम्बिक्स या रेशीमकिड्याच्या प्रजातीत (genus) टाकला होता, आता ड्रायोकॅम्पा या प्रजातीत हा एकटाच. उपकुळ सेराटोकॅम्पिनी, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की यांचे सुरवंट टसर रेशमाच्या किड्यासारखा रेशमी कोश विणतच नाहीत, सरळ मातीत शिरून तिथेच त्यांचा प्युपा (सुरवंट आणि पतंग यांमधली अवस्था) होतो. सुरवंट हिरव्या पट्ट्यांचा, डोक्यामागे दोन काळी शिंगं, मेपलची पानं खातो, कधी ओकचीही. प्रौढ पतंग मात्र काहीच खात नाही.

आणि फक्त रंगावरून ओळखू नका प्लीज, काहींचा गुलाबी इतका फिका असतो की पतंग जवळजवळ पांढराच दिसतो. नर-मादी बघायचं असेल तर अँटेना बघा, नराच्या पिसांसारख्या असतात, मादीच्या बारीक.