अनुभव धागा: ठरलेलं ऐनवेळी बदलतं तेव्हा

धागा सुरू करतोय, डोंबिवलीहून

मी ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे, निदान तिशीनंतर झालं. "एवढ्यातेवढ्यावरून तुझं काय बिनसतं?" हे घरात पुष्कळ ऐकलंय. बिनसतं, हे खरंच आहे. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा अकरा मुलांबद्दल लिहिलं, तेव्हाही 'सगळं आहे तसंच राहावं' ही त्या मुलांची धडपड ठळक दिसली होती. २०१३ च्या डीएसएम-५ मध्येही, म्हणजे डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकी पुस्तिकेतही, ती ऑटिझमच्या निकषांत आहे. पण निकष वाचून उद्याचा दिवस निभत नाही. तेव्हा दिनक्रम मोडला त्या वेळी नेमकं काय केलंत, ते लिहा. "हळूहळू सवय होईल" एवढं सोडून काहीही चालेल.

माझं सांगतो. रविवारी दादरला तबल्याचा क्लास असतो. मेगाब्लॉकचा मला फारसा त्रास नाही, कारण तो वेळेसकट आधी जाहीर होतो आणि शनिवारी रात्रीच दुसरी गाडी ठरवता येते. हाल होतात ते ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा झाली की. सगळे पुलाकडे पळतात, माझे पाय हलत नाहीत. म्हणून नियमच केलाय, ती गाडी आपली नाही. बाकावर बसायचं, कानांवर हेडफोन, पुढची गाडी. सरांना हे माहीत आहे, उशीर झाला तर ते फोन करत नाहीत.

आई, कोल्हापूर

मुलगा फारसा बोलत नाही. भिंतीवर फोटोंची पट्टी आहे: आंघोळ, डबा, रिक्षा, शाळा. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टी रात्री उशिरा जाहीर होते, तोवर हा झोपलेला. सकाळी गणवेश काढून ठेवला नाही की डोकं आपटायचा. मग आम्ही एक वेगळं कार्ड केलं, अर्ध्यावर शाळेचा फोटो, अर्ध्यावर घराचा, मधे प्रश्नचिन्ह. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. पाणी ३९ च्या जवळ आलं की संध्याकाळी ते कार्ड लागतं. आता टीव्हीवर आकडा दिसला की तोच उठून कार्ड लावतो. सुट्टी मिळाली तरी डबा भरायचा, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीच्या वेळेलाच उघडायचा. सासूबाई म्हणतात, घरात कसला डबा? पण भरतात त्याच.

लिपिक, सरकारी कचेरी

बदली झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि सरकारी आस्थापनेनं वाजवी सोय करून द्यावी असं कलम २० सांगतं. प्रमाणपत्र जोडून अर्ज दिला. बदली रद्द करा असं लिहिलं नाही. टेबल कुठलं ते रुजू होण्याआधी सांगा आणि मग ते हलवू नका, एवढंच मागितलं. मान्य झालं. सुट्टीच्या दिवशी जाऊन स्टँडपासून कचेरीपर्यंत चालून पाहिलं. पाणी कुठे, संडास कुठे, चहाची टपरी कुठली, सगळं बघून ठेवलं. शिपाईमामांनी दार उघडलं आणि एकही प्रश्न विचारला नाही, उपकारच म्हणायचे. आवक-जावक रजिस्टर तिथेही तेच, रकानेही तेच. ते बघून जेवढा धीर आला तेवढा कुणाच्या बोलण्यानं आला नसता.

इंग्लंडमधून

इथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. नवऱ्याला ऑक्टोबरात जास्तीची झोप मिळते, मला चुकीच्या वेळी भूक. आधीच्या आठवड्यात जेवण आणि झोप रोज दहा-दहा मिनिटं सरकवते. आईचा फोन मात्र रविवारी माझ्या सकाळच्या दहालाच. मार्चमध्ये तिकडे साडेतीनचे अडीच होतात, तिची दुपारची झोप मोडते. तिची तक्रार नाही.

मला उलट होतं

आठवडा आधी सांगितलं की आठवडाभर तेच डोक्यात. घरच्यांना म्हटलंय, आदल्या संध्याकाळी सांगा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून. तोंडी सांगितलेलं आत पोचेपर्यंत निघायची वेळ होते. मला एडीएचडीही आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही. ठरलेल्या दिनक्रमाचा मलाच कंटाळा येतो, आणि तोच दुसऱ्यानं मोडला की रडू येतं. हे कुणाला जमवता आलं असेल तर लिहा, मला जमलेलं नाही.

धाकटा भाऊ, सांगली

दादाचं लग्न. माझी खोली पाहुण्यांना जाणार हे गृहीतच होतं. ताईनं मधे पडून दोन गोष्टी ठरवून घेतल्या: खोलीला कुलूप, किल्ली माझ्याकडे. आणि मांडवात मला एक काम, आहेराची वही. टेबलाशी बसून नाव, गाव, रक्कम लिहायची. कुणी "ओळखलंस का?" म्हणून गाल ओढायला आलं की "नाव सांगा" म्हणायचं, तेवढंच बोलणं. विधी तासभर लांबला, जेवणं उशिरा झाली, वही चालू होती. हिशेब जुळला. आता चुलत बहिणीच्या लग्नातही वही मलाच दिलीय, कुलपाचं काकूंशी अजून बोलायचंय.