सहायक सरकारी अभियोक्ता की स्वतःची वकिली? पगाराचा हिशेब लावायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी तालुका कोर्टात सहा वर्षं वकिली करते आहे. फौजदारी जास्त, थोडी 138 ची (चेक न वटल्याची) प्रकरणं, थोडे मोटार अपघाताचे दावे. घरात दुसरं कोणी वकील नाही. बार रूममध्ये विचारलं तर "आता कुठे नाव होतंय, सोडू नकोस" म्हणतात. आई म्हणते, ठरलेला पगार असला की झोप लागते. हिशेब मात्र कोणीच मांडून दाखवत नाही, म्हणून इथे विचारते.

सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे फौजदारी खटल्यात सरकारची बाजू मांडणारा वकील; गट-अ च्या या पदाची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. पाच वर्षं वकिलीची अट माझी पूर्ण झाली आहे. वेतनश्रेणी एस-20, म्हणजे 56,100 ते 1,77,500. महागाई भत्ता 55 टक्के धरला तर सुरुवातीलाच 86,955 होतात, घरभाडे भत्ता वेगळा.

आता माझी बाजू. गेल्या आर्थिक वर्षात एकूण 7,40,000 आले. कारकुनाला महिना 8,000, चेंबरच्या भाड्यात माझा वाटा 4,000, आणि पेट्रोल, टायपिंग, झेरॉक्स, पुस्तकं मिळून वर्षाचे लाखभर. उरले 4,96,000, म्हणजे महिना साधारण 41,000. पण नेमके 41,000 हातात आले असा महिना वर्षात एकही नव्हता. मे महिन्यात सुट्टी लागली तेव्हा 9,000 आले, दिवाळीआधी एकदम 1,40,000. शिवाय 1,70,000 येणं बाकी आहे, त्यातलं निम्मं बुडणार हे मला माहीत आहे. जामीन झाला की पक्षकार फिरकत नाही, आणि काही घरं अशी आहेत की तिथे मी तगादा लावू शकत नाही.

तरी पाऊल उचलत नाही, कारण पहिली दोन वर्षं मी सिनियरकडे महिना 3,000 वर काढली. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरना शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली, पण आमच्या वेळी तेही नव्हतं. एवढे हाल काढून उभी केलेली वकिली सोडायची का? दहा वर्षांनी कुठला रस्ता पुढे असेल? आणि नोकरीत गेल्यावर पुढे जिल्हा न्यायाधीशाची थेट परीक्षा देता येते का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद 1

ताई, मी सात वर्षं याच पदावर आहे. तुमचा पगाराचा आकडा बरोबर आहे, पण तो पूर्ण हातात येत नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असाल तर मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या 10 टक्के कापले जातात, म्हणजे तुमच्या हिशेबाने सुमारे 8,700. सरकार 14 टक्के, म्हणजे साधारण 12,170, स्वतःच्या खिशातून भरतं. ही रक्कम खाजगी बाजूला धरायला सगळे विसरतात. तुम्हाला ती 41,000 मधूनच बाजूला काढावी लागेल. बाळंतपणाची पगारी रजा मिळते, तीही धरा. चेंबर बंद तर उत्पन्न बंद, हे तुम्हाला मी काय सांगावं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करा. जिल्हा सरकारी वकील हे पद वेगळं. ती मुदतीची नेमणूक आहे, मोबदला मुख्यतः फीवर असतो आणि सत्र न्यायालयातलं काम असतं. आमचं पद कायम, पण खाजगी वकीलपत्र एकही घेता येत नाही आणि बदली होते. काम प्रचंड आहे. साक्षीदार उलटतो तेव्हा घरी जाऊनही तेच डोक्यात राहतं.

प्रतिसाद 2

मी खाजगीत बावीस वर्षं आहे. थेट परीक्षेबद्दल निश्चिंत राहा. 2013 मध्ये दीपक अग्रवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी अभियोक्ता नोकरीत असला तरी वकीलच राहतो. त्यामुळे या परीक्षेसाठी असलेल्या सात वर्षं वकिलीच्या अटीत ती वर्षं धरली जातात. जिल्हा न्यायाधीशाचं सुरुवातीचं वेतन 1,44,840 आहे, तेही हिशेबात घ्या.

आता माझं मत. मुंबईच्या मोठ्या लॉ फर्मचे पगार ऐकून खाजगी बाजू मोजू नका, ते जग वेगळं. तालुक्यात वकिली वाढते ती जुने पक्षकार नवे पक्षकार पाठवतात म्हणून. मागच्या तीन वर्षांचे आकडे काढा आणि किती कामं जुन्या पक्षकारांच्या ओळखीने आली ते मोजा. निम्म्याहून जास्त असतील तर पाच-सहा वर्षांत तुम्ही सरकारी पगाराच्या पुढे जाल. बहुतेक कामं अजून सिनियरकडून येत असतील तर परीक्षा द्याच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री डायरी काढून बसले. तीन वर्षांतल्या 118 कामांपैकी 41 जुन्या पक्षकारांकडून आली, बाकी बहुतेक सिनियरची. उत्तर मिळालं, फॉर्म भरते आहे. आता एकच विचारायचं राहिलं: निवड झाली तर हातातले चालू दावे दुसऱ्या वकिलाला देताना आधीच घेतलेल्या फीचं काय करायचं? ज्यांचा पुरावा अर्धा झाला आहे त्यांच्याबद्दल मला फार वाईट वाटतं आहे.