मदत हवी आहे: सातवीला इंग्रजी बोलतं करणारे खेळ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या एका गावात सातवीला इंग्रजी शिकवते. वर्गात ३८ मुलं.

व्हरांड्यात खडूनं चौकोन आखून प्रत्येकात एकेक शब्द लिहिला. मुलं लंगडी घालत वाक्य पुरं करतात. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत मधे, हे फळ्यावर महिनाभर सांगून उतरलं नव्हतं, ते दोन दिवसांत बसलं. कधीच तोंड न उघडणारी एक पोरगी ‘आय ईट भाकरी’ म्हणून ओरडली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

पण खेळ रंगला की भांडणं मराठीतच, आणि बोलणारी तीच चार-पाच मुलं. प्रत्येकाला बोलावंच लागेल असा बिनखर्चाचा खेळ कुणी घेतलाय का? भूतकाळासाठी तर हवाच आहे. ‘वेंट’ऐवजी अजून ‘गोएड’च म्हणतात.