सोलापूरहून पुण्यात बदली: धायरीत भाड्याचं घर घ्यावं का? सोबत आई आणि पाचवीतली मुलगी

उत्तर_कसबा

नमस्कार. बँकेत नोकरी करते. बदलीची ऑर्डर आली आहे, १ जूनला शिवाजीनगरच्या शाखेत रुजू व्हायचंय. घरात मी, आई आणि मुलगी. आईने सत्तरी ओलांडली आहे, गुडघे धरलेत, जिना चढवत नाही. आमचा जन्म स्वतःच्या घरात गेला, त्यामुळे भाड्याच्या घराचं काही विचारावं असं जवळचं कुणी नाही.

गेल्या रविवारी पुण्यात येऊन घरं पाहिली. कोथरूड, कर्वेनगर आवाक्याबाहेर. मेंटेनन्स धरून वीस हजारांच्या वर जायचं नाही. धायरीत बेनकर वस्तीच्या बाजूला एक टू बीएचके मनात भरलंय. तिसरा मजला, लिफ्ट आहे. भाडं १७ हजार, डिपॉझिट ६० हजार. हॉलला पूर्वेची खिडकी, स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी. मालक बोलायला चांगले वाटले, पण म्हणाले, “अकरा महिन्यांचा करार नोटरी करू, बारा महिन्यांच्या आत रजिस्ट्रेशन लागत नाही.” एजंट मागे लागलाय की आजच दहा हजार टोकन टाका, दुसरी पार्टी तयार आहे.

नोटरीवर भागतं का? त्या भागात पाणी कसं आहे? सोलापुरात रोज पाणी येत नाही, भरून ठेवायची सवय आहे, पण धायरीच्या पाण्याबद्दल बरंच उलटसुलट ऐकलंय.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी आईची आहे. इथे तिची दुपार शेजारच्या काकूंबरोबर पापड-शेवयांत नाहीतर गप्पांत जाते, सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळात जाते, भाजीवाली तिला नावाने हाक मारते. मी नऊला घराबाहेर पडणार, परत यायला सात वाजणार. अनोळखी सोसायटीत ती दिवसभर काय करेल? ज्यांनी वयस्कर आईवडिलांना असं नव्या गावी आणलंय त्यांनी कृपया लिहा.

धायरी_गाव

ताई, टोकन अजिबात टाकू नका. आधी मालकांचं आधार आणि घराचं ताजं लाइट बिल किंवा मिळकत कराची पावती बघा, दोन्हींवर नाव एकच आहे ना ते तपासा. वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक महावितरणच्या अ‍ॅपवर टाकलात की थकबाकी कळते. खरा मालक हे दाखवायला काचकूच करत नाही.

आता नोटरीचं. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे, दर जून महिन्यात हे वाक्य ऐकतो आणि दर वेळी तळमळून सांगतो. बारा महिन्यांच्या आतल्याला नोंदणी लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपण घर भाड्याने घेताना करतो तो करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे त्यांना शांतपणे सांगा. बहुतेकांना माहीतच नसतं.

खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क आहे ०.२५ टक्के. ते अकरा महिन्यांच्या एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के दराने धरलेल्या व्याजावर लागतं. तुमच्या आकड्यांना पाचशेच्या आसपास बसेल. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. वर घरी येऊन अंगठे घेणाऱ्याचे पैसे. निम्मे-निम्मे वाटून घ्यायची इथे पद्धत आहे. ६० हजार रुपये दुसऱ्याच्या हातात देताना एवढ्यासाठी मागे हटू नका. हाच कागद मुलीच्या शाळेत आणि आधारवरचा पत्ता बदलायला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम, ते ऑनलाइन होतं. झाल्यावर प्रत मागून घ्या.

पाणी. धायरी २०१७ साली महापालिकेत आली, पण पाइपलाइन सगळीकडे सारखी पोहोचलेली नाही. दोन सोसायट्यांमध्ये एक कुंपण, तरी एकीला पालिकेचं पाणी पुरतं आणि दुसरीला टँकर. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (गिया बारे सिंड्रोम, हातापायातली ताकद जाणारा मज्जातंतूंचा आजार) साथ आली ती नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी याच पट्ट्यात, आणि संशय पाण्यावरच होता. ते दिवस आम्ही काढलेत, म्हणून मोकळेपणाने सांगतो. घर बघायला संध्याकाळी एजंटबरोबर जाऊ नका, सकाळी सातला जा. स्वयंपाकघरातला नळ सोडा, स्टीलच्या ग्लासात पाणी धरा, वास घ्या, ग्लासाचा तळ दिसतो का बघा. मग खाली येऊन वॉचमनला विचारा, “काका, टँकर आठवड्याला किती येतात? टाकी शेवटची कधी धुतली?” वॉचमन खरं सांगतो. पिण्याच्या नळाला पालिकेचं पाणी वेगळं येतं का तेही विचारा. आणि काहीही असो, आई आणि लेकीसाठी पाणी उकळूनच.

पाण्याचाच दुसरा धोका नदीचा. बेनकर वस्ती नदीपासून आत आहे, तिथे ती भीती नाही. पण एजंट विठ्ठलवाडीकडचं किंवा एकता नगरीतलं स्वस्त घर दाखवू लागला तर लक्षात ठेवा, २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर एकता नगरीत घरांत पाणी शिरलं होतं. तिथे तळमजला नको.

शिवाजीनगरला जाण्यासाठी बसने स्वारगेट आणि तिथून मेट्रो. स्वारगेटपर्यंतची मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. बसला गर्दी असते, आठला निघालात तर बसायला मिळण्याची आशा.

मु_पो_लातूर

गॅसचं आधी बघा. सोलापुरात एजन्सीला सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करायचा, डिपॉझिट घ्यायचं आणि ट्रान्सफर व्हाउचर मागायचं. ते दाखवून धायरीच्या एजन्सीत आजच्या दराने डिपॉझिट भरलं की कनेक्शन चालू. आठवडाभर लागतो असं धरून इंडक्शन जवळ ठेवा.

खिडकीतलं_ऊन

आईंबद्दल मी लिहिते. वडील गेल्यावर माझ्या आईला परभणीहून वारज्यात आणलं. पहिला महिना ती हॉलमधल्या खुर्चीवर बसून दाराकडे बघायची, मला ऑफिसात घास उतरायचा नाही.

मला आज विचाराल तर एक गोष्ट नक्की करा: स्वयंपाकघर त्यांना लावू द्या. डबे कुठे, पोळपाट कुठे, मसाल्याचा डबा कोणत्या ट्रॉलीत, सगळं त्यांनी ठरवायचं. तुम्हाला गैरसोयीचं वाटलं तरी हात लावू नका. माझी आई “माझं घर” असं पहिल्यांदा म्हणाली ते तिने स्वतःच्या हाताने बरण्या लावल्यावर.

माणसं जिन्यात, लिफ्टपाशी भेटतात, फोनवर नाही. पहिल्या आठवड्यात रजा काढा आणि सकाळी कचरा न्यायला ताई येतात तेव्हा दार आईंना उघडायला सांगा. आमच्याकडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येतात. ओला-सुका वेगळा करता करता दोन शब्द रोज होतात, पुढे त्याच ताईंनी आईला तिसऱ्या विंगमधल्या भजनी मंडळाचा पत्ता दिला. शेजारच्या दारात तुमची शेंगाची चटणी घेऊन आईंनाच पाठवा.

किल्लीची एक जोडी शेजारी द्या. मोठ्या अक्षरांत चार नंबर लिहून फ्रिजवर लावा: तुमचा, शेजारच्यांचा, वॉचमनचा, जवळच्या डॉक्टरांचा. सोमवारसाठी धायरीत धारेश्वर आहे, शंकराचंच देऊळ. टेकडीवर आहे, गुडघ्यांचं बघून न्या. आणि सोलापूर तोडू नका. जमेल तेव्हा हुतात्मा एक्सप्रेसने चार दिवस पाठवा. परत येताना त्या खुशीत असतात, हे मी माझ्या आईचं पाहिलंय.

उत्तर_कसबा

सगळ्यांचे मनापासून आभार. मालकांशी बोलले, कलम ५५ सांगितल्यावर म्हणाले, “खर्च निम्मा करा, मी तयार आहे.” शनिवारी सकाळी आईला घेऊनच जाते, नळ तीच उघडून बघेल. करारात सहा महिन्यांचा लॉक-इन घालतो म्हणतायत, आणि मेंटेनन्स मी भरायचा. ठीक आहे का?

धायरी_गाव

लॉक-इन दोघांनाही लागू असेल तरच घ्या. तुम्ही सोडायचं नाही तसं त्यांनीही काढायचं नाही, असं स्पष्ट लिहून घ्या. त्यानंतर दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस. मेंटेनन्स १७ हजारांत की वेगळा, तेही आकड्यासकट लिहा. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही आणि तो मालकाने भरायचा असतो. तुमच्या बिलात धरू देऊ नका.

किल्ली घ्याल त्या दिवशी सामान आत जायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. भिंतींवरची ओल, बाथरूमच्या टाइल्स, ट्रॉल्या, मीटरचं रीडिंग. लगेच मालकांना पाठवून ठेवा. डिपॉझिट परत घेताना रंगाच्या पैशांवरून होणारी बहुतेक भांडणं तिथेच मिटतात. टेम्पोवाल्याला आमच्या गल्लीत दुपारी एक ते चारमध्ये बोलवा, सकाळी स्कूलबस असतात. हमाल कमी पडले तर इथे लिहा, आमच्या बिल्डिंगमधली दोन पोरं पाठवतो.