मदत हवी आहे: रेडिओच्या जुन्या कॅसेट कशा वाचवाव्यात?

आमच्या वस्तीचं छोटं रेडिओ केंद्र ज्या इमारतीत आहे, ती आता पाडणार आहेत. आवराआवर करताना कपाटात साठेक कॅसेट सापडल्या. नळाला पाणी का येत नाही इथपासून श्रोत्यांनी फोनवर सांगितलेल्या पाककृतींपर्यंत सगळं त्यात आहे. एकीत मागे कुकरची शिट्टी होते आणि बाई ‘एक मिनिट हं’ म्हणत गॅस बारीक करायला जातात. त्यातली बरीच माणसं वस्ती सोडून गेली. आवाज तरी राहावेत असं फार वाटतं.

बहुतेक कॅसेट ९० मिनिटांच्या आहेत. काहींच्या फितीवर पांढरी बुरशी दिसतेय. ती प्लेअरमधून दुसऱ्या फितींना लागू नये म्हणून त्या बाजूला ठेवल्यात. बुरशी घरी साफ करता येते का, की जाणकाराकडेच द्यावं? जतनासाठी कॅसेटवरचा आवाज संगणकावर उतरवून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने घेणारी) वेव्ह फाइल करतात हे वाचलंय, पण नुसत्या बोलण्याला ४८ किलोहर्ट्झची, म्हणजे लहान फाइल चालेल का? डिस्कवर जागा कमी आहे.

आणि ज्यांचा आता पत्ताच नाही, त्यांचे आवाज पुन्हा ऐकवायचे तर परवानगीचं काय करावं? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. महिनाअखेर खोली रिकामी करायची आहे.