टायर चढता चढत नाही: तुमचे अनुभव लिहा

आज शेजारचा मुलगा जिन्यात सायकलचं चाक घेऊन बसला होता. टायर सगळा आत, शेवटची वीतभर कड तेवढी बाहेर आणि अंगठे लालबुंद. काका आठवले. ते पाना हातात घेऊच द्यायचे नाहीत. "जोर लावू नकोस, ढील काढ." रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो, चढलेली कड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून त्यात ढकलत यायचं, उरलेल्या कडेला तेवढी ढील मिळते. त्याला तेच दाखवलं, टपकन आत गेली. तुम्हाला कोणी शिकवलं?

चाकोरी: व्हॉल्व्हपाशी शेवट करा. तिथे ट्यूबचं जाड बूड मध्ये येतं, कड खोलात उतरत नाही, म्हणून सुरुवात समोरून. बाळ उठलं, येते परत.

उलटा_वारा: आमचा दादा स्क्रूड्रायव्हर घालतो. नवी ट्यूब गेलीच समजा.

मधला_गिअर: ट्यूबलेसवाल्यांनो (टायरमध्ये ट्यूब नसलेल्यांनो), रिमवर लावलेल्या टेपचे थर मोजा. थर जाड झाला की तो खोलगट भाग उथळ होतो. जुनी टेप काढून पातळ लावली, तोच टायर नुसत्या हातांनी चढला.

सावली: आधी आकडा बघा हो! २६ × १ ३/८ ची रिम टायर बसतो तिथे ५९० मिमी व्यासाची, माउंटन बाइकचा साधा २६ चा टायर ५५९ चा. दोन्हीवर २६च लिहिलेलं. कितीही साबण लावा, चढणार नाही.

पायवाट: बाबांना संधिवात आहे, अंगठ्यात जोर नाही. कडेला साबणाचं पाणी लावून तळव्याने लोळवत चढवतात. टायर आधी उन्हात ठेवतात. बघत राहावंसं वाटतं.

उलटा_वारा: @पायवाट बाबांना नमस्कार सांगा. आईचेही सांधे धरतात, शेक घेते का विचारलं की चिडते.

पायवाट: आमच्याकडेही तेच!! शेकाची पिशवी लपवून ठेवतात.

चाकोरी: आले. हवा भरण्याआधी व्हॉल्व्ह आत दाबून सोडा आणि टायर बाजूला सारून ट्यूब कुठे चिमटली नाही ना ते बघा, दोन्हीकडून. चिमटलेली असेल तर फुटतेच.

सावली: @मधला_गिअर टेप किती रुंद घेतलीस? माझी सरकते.

मधला_गिअर: रिमच्या आतल्या रुंदीहून दोन-तीन मिमी जास्त. आणि आधी रिम स्पिरिटने पुसून घे, तेलकट राहिली की सरकते.